साठी, बुद्धी आणि औषधाची चिठ्ठी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या घराघरांत इतक्या सहजपणे उच्चारली जाते, की ती खरी आहे किंवा कसे, याचा विचार करण्याचे कोणाला कारणच पडत नाही. नाठी म्हणजे पळून गेली. मनुष्याच्या वयाला साठ वर्षे झाली की बुद्धी त्याचा निरोप घेते, असा या म्हणीचा सरळ अर्थ. आजोबांनी चष्म्यासाठी एकच खोली चारदा पालथी घातली किंवा आजीने सकाळी सांगितलेली हकीकत दुपारी पुन्हा सांगितली, की घरातील कोणीतरी ही म्हण हळूच म्हणतो; कधी कधी तर हळूही नव्हे. म्हणी अनुभवातून निर्माण होतात हे मान्य केले, तरी अनुभव असतो एका पिढीचा आणि म्हण राज्य करते पुढच्या दहा पिढ्यांवर.

हा प्रश्न केवळ शब्दांचा असता, तर त्यासाठी वार्षिकाची पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आज ज्या घरात साठीच्या पुढचे माणूस आहे, त्या घरात बहुधा गोळ्यांचा एक डबा असतो. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, कुठे हृदयाची, कुठे गुडघेदुखीची. त्या गोळ्यांच्या पट्टीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत जे छापलेले असते, ते वाचून दाखविण्याचे काम पुष्कळ घरांत तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांकडे येते. आपण वाचून दाखविलेले आजोबांना कितपत समजले, समजलेले उद्यापर्यंत लक्षात राहील काय, आणि राहिले नाही तर दोष कोणाचा, हे प्रश्न म्हणूनच तुमचेही आहेत. गोळी दोनदा घेतली गेली किंवा मुळीच घेतली गेली नाही, तर त्याचा परिणाम भोगावा लागतो तो वृद्धांना.

बुद्धी ही एक अखंड वस्तू आहे आणि ती वयाबरोबर सगळीच्या सगळी झिजते, अशी आपली समजूत असते. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली या समजुतीला छेद देणारा विचार मांडला, आणि पुढे त्याचा शिष्य जॉन हॉर्न याने तो वाढविला. त्यांच्या मते बुद्धीची दोन अंगे आहेत. एक प्रवाही अंग: अगदी नवी परिस्थिती समोर आली असता तिच्यातील संबंध चटकन ओळखणे, एकाच वेळी चार गोष्टी मनात धरून त्यांची उलटसुलट जुळणी करणे. दुसरे संचित अंग: शब्दसंग्रह, व्यवहारज्ञान, माणसांची पारख, आयुष्यभर केलेल्या कामातले कसब. पहिले अंग तारुण्यात भर गाठते आणि तेथून हळूहळू उतरू लागते. दुसरे पन्नाशी-साठीपर्यंत वाढत असते आणि त्यानंतरही पुष्कळ काळ टिकून राहते. तुमच्या आजीला भ्रमणध्वनीवरील नवी सोय शिकावयास आठ दिवस लागतात, आणि तीच आजी नुसत्या वासावरून लोणच्याची फोडणी करपण्याच्या बेतात आहे हे सांगते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात घडत असतात.

प्रवाही अंग उतरते म्हणजे नेमके काय होते? टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकन संशोधकाने १९९६ साली याचे मूळ वेगात शोधले. वयाबरोबर मेंदूतील प्रत्येक क्रियेला थोडा थोडा अधिक वेळ लागतो. लांबलचक वाक्याचा शेवट ऐकून त्याचा अर्थ लावण्यापूर्वीच त्याचा प्रारंभ मनातून निसटू लागतो. पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानदाराची कल्पना करा. कोणता जिन्नस कोणत्या माडीवर, कोणत्या पेटीत आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. पण जिना चढून तो खाली आणावयास त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक उतावीळ असले तर तेवढ्यात निघून जाते आणि गावभर सांगते, की या दुकानात काही मिळत नाही!

वृद्ध आणि तरुण यांची तुलना करताना आणखी एक फसगत होते, ती वॉर्नर शाय यांनी उजेडात आणली. त्यांनी १९५६ साली अमेरिकेतील सिॲटल शहरी वेगवेगळ्या वयांच्या ५०० माणसांची बौद्धिक परीक्षा घेतली, आणि दर सात वर्षांनी त्यांच्याकडे पुन्हा जाऊन, शिवाय दर खेपेस नवी माणसे मिळवून, ती परीक्षा चालू ठेवली. हे काम अर्धशतकाहून अधिक काळ चालले. एकाच दिवशी विशीतले आणि सत्तरीतले यांची परीक्षा घेतली तर दोघांत फार मोठी तफावत दिसते. पण त्याच माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवला तर उतार पुष्कळच सौम्य असल्याचे आढळते. बहुतेक बौद्धिक शक्तींत साठीपूर्वी लक्षात येण्याजोगी घट क्वचितच होते; वेग मात्र त्याला अपवाद आहे. मग एकाच दिवशी घेतलेल्या परीक्षेत एवढा फरक का दिसला? कारण सत्तरीतली माणसे वेगळ्या काळात, वेगळ्या शाळांत आणि कित्येकदा शाळेवाचून वाढलेली होती. आपल्याकडे तर हे फारच उघड आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांत साक्षरतेचे प्रमाण शेकडा नऊदेखील नव्हते. त्या सुमारास जन्मलेल्या एखाद्या आजीची तुलना आजच्या दहावीतल्या नातीशी करून वार्धक्याविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे शाळेच्या अभावाचा दोष वयाच्या माथी मारणे होय.

शाय यांनी आणि शेरी विलिस यांनी १९८० नंतरच्या दशकात आणखी एक प्रयोग केला. ज्यांची शक्ती उतरणीला लागली होती अशा वृद्धांना एकेका तासाचे पाच पाठ दिले. त्यांपैकी सुमारे ४० टक्के माणसे चौदा वर्षांपूर्वीच्या आपल्या पातळीवर परत आली. केवळ पाच तासांचे हे फळ! नाठलेली बुद्धी इतक्या थोड्या श्रमाने घरी परतत असेल, तर ती फार लांब गेली नसावी.

तथापि बुद्धीकडे वळण्यापूर्वी डोळ्यांकडे आणि कानांकडे पाहिले पाहिजे. वृद्धांच्या मंदबुद्धीचे म्हणून सांगितले जाणारे कितीतरी प्रकार या दोन इंद्रियांपाशीच उलगडतात. चाळिशीचा चष्मा सर्वांच्या परिचयाचा आहे. पण वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांश प्रकाश पोचतो. तुम्हांला लख्ख वाटणारा दिवा आजोबांना मिणमिणता वाटतो, तो यामुळे. निळा आणि हिरवा यांतील, तसेच पांढरा आणि फिकट पिवळा यांतील भेद त्यांना अवघड जातो. चकचकीत रुपेरी पट्टीवर छापलेली बारीक अक्षरे ही तर या डोळ्यांसाठी शिक्षाच म्हणावी लागेल. गोळ्यांच्या पट्ट्या कोण आणि कोणासाठी आखतो, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

कानांचेही तसेच. वार्धक्यातील बहिरेपणात प्रथम उंच पट्टीतले ध्वनी जातात. स्वर ऐकू येतात. पण स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात. म्हणून म्हातारे माणूस म्हणते, 'तू बोलतोस ते ऐकू येते, पण कळत नाही', आणि ते अक्षरशः खरे असते. 'साठ' मधला स निसटला की उरते ते 'आठ'. 'सहा' आणि 'दहा' यांतही असाच गोंधळ होतो. औषधाच्या मात्रेत असा गोंधळ झाला तर काय होईल, हे सांगावयास नको. अशा वेळी आपण ओरडतो. पण ओरडण्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने होती तेथेच राहतात. समोर बसून, आपले ओठ दिसतील अशा रीतीने, दूरचित्रवाणी बंद करून सावकाश बोलणे अधिक उपयोगी पडते. याखेरीज एक सूक्ष्म गोष्ट अशी, की पुसट ऐकलेला शब्द ओळखण्यातच मनाची बरीचशी शक्ती खर्च झाली, तर तो लक्षात ठेवण्यासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही. ऐकण्याच्या यंत्राने स्मरण सुधारल्यासारखे वाटते, त्याचे रहस्य हेच.

आता दवाखान्यात चला. डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटे मिळतात. तेवढ्यात निदान, तपासण्या, पथ्य, तीन गोळ्या आणि पुढची तारीख एवढे सर्व सांगून होते. नेदरलँड्समधील रॉय केसेल्स यांनी यासंबंधी झालेल्या अभ्यासांचा २००३ साली आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण तत्काळ विसरतात. आणि जे आठवते त्यातीलही सुमारे निम्मे चुकीचे आठवते! हे सर्व वयांच्या रुग्णांविषयी आहे, एकट्या वृद्धांविषयी नव्हे. वयाबरोबर अडचण वाढते एवढेच. मन भयाने व्यापलेले असते तेव्हा आजाराचे नाव तेवढे कानात घुमत राहते आणि त्यापुढचे वाहून जाते. फिलिप ले या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात यावर एक साधा उपाय दाखविला. प्रत्येक गोष्ट सांगण्यापूर्वी तिचा वर्ग सांगावा: आता तुम्हांला काय झाले आहे ते सांगतो, आता कोणत्या तपासण्या करावयाच्या ते सांगतो, आता तुम्ही घरी काय करावयाचे ते सांगतो. एवढ्याने रुग्णांच्या लक्षात पुष्कळ अधिक राहिले.

पण समजले की नाही हे पाहण्याची पद्धतच मुळात रूढ नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील डीन शिलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या, फारसे वाचता न येणाऱ्या रुग्णांशी डॉक्टरांची होणारी संभाषणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासिली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६१ भेटींपैकी केवळ १२ भेटींत डॉक्टरांनी आपण सांगितलेली नवी गोष्ट रुग्णाला कळली किंवा कसे, याची चाचपणी केली होती. इतर ठिकाणी फार तर 'समजले ना?' एवढा प्रश्न. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. डॉक्टरसाहेबांसमोर 'नाही समजले' म्हणणे हा त्यांचा अवमान आणि स्वतःची फजिती, असे आपल्या वडीलधाऱ्यांना वाटते. ते मान डोलावतात आणि बाहेर आल्यावर औषधविक्रेत्याला विचारतात, किंवा कोणालाच विचारत नाहीत. 'समजले ना?' असे न विचारता 'घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, ते मला सांगा पाहू' असे म्हटले, तर परीक्षा होते ती सांगणाऱ्याच्या सांगण्याची, आणि ऐकणाऱ्याचा मानही राहतो.

सांगता येणे आणि करता येणे यांतही अंतर आहे. २००६ साली टेरी डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील तीन शहरांतल्या ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरील सूचना वाचावयास दिल्या. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या' ही त्यांतील एक सूचना. वाचनात कच्च्या असलेल्या रुग्णांपैकी शेकडा ७१ जणांनी ती तोंडाने बरोबर सांगितली. मग त्यांना म्हटले, दिवसभरात घ्यावयाच्या गोळ्या मोजून दाखवा. बरोबर चार गोळ्या मोजणारे निघाले शेकडा ३५! म्हणजे वाक्य पाठ होते, गणित झालेले नव्हते. म्हणून आजीला 'कळले का?' असे विचारण्यापेक्षा 'आजी, आज दिवसभरातल्या गोळ्या या वाटीत काढून दाखवा' असे म्हणावे.

आपल्या औषधाच्या चिठ्ठीची लिपी तर याहून गूढ. '१-०-१' असे लिहिलेले असते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हा त्याचा अर्थ ज्याला कोणी एकदा सांगितला त्याला तो सोपा वाटतो. ज्याला सांगितला नाही त्याने त्यातून काय काढावे? काही ठिकाणी बीडी, टीडीएस अशी लॅटिन भाषेतील आद्याक्षरे असतात: पहिल्याचा अर्थ दिवसातून दोनदा, दुसऱ्याचा तीनदा. अक्षर वाचता यावे म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमांत बदल करून, औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असे घालून दिले. नियम झाला; अक्षर अद्याप सर्वत्र सुधारलेले नाही.

आपल्या सीमाभागात यात भाषेची भर पडते. पट्टीवरील मजकूर प्रामुख्याने इंग्रजी, दवाखान्यातील फलक कानडी आणि इंग्रजी, डॉक्टर बोलतात ते थोडे कानडी, थोडे मराठी, थोडे हिंदी; आणि आजी वाचते ते बाळबोध. बडोद्याच्या मराठी घरांत कानडीच्या जागी गुजराती म्हणावे, हैदराबादेत तेलुगू, एवढाच फरक. जी बाई रोज वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, ती औषधाच्या पट्टीपुढे निरक्षर ठरते. तिचे काय करावयाचे, तर पट्टीवरील आवश्यक तेवढे तिच्या लिपीत उतरून द्यावयाचे.

ते कसे उतरावे, यालाही शास्त्र आहे. डॅनियल मॉरो यांनी १९९० च्या सुमारास वृद्ध आणि तरुण अशा दोघांनाही औषधाच्या सूचना आपापल्या मनाप्रमाणे क्रमवार लावावयास सांगितल्या. दोघांनी लावलेला क्रम बहुतांशी एकच निघाला: प्रथम औषध कोणते आणि कशासाठी, मग किती आणि केव्हा घ्यावयाचे, आणि शेवटी त्यापासून काय त्रास संभवतो. या क्रमाने आणि ओळीखाली ओळ अशा यादीच्या रूपाने लिहिलेले, सलग परिच्छेदापेक्षा अधिक चांगले लक्षात राहते, असेही त्यांना आढळले. आपण मात्र बहुधा मधूनच सुरुवात करतो: 'ही रात्री, ती सकाळी, आणि ती पांढरी कसली होती बरे?'

पांढरी, गुलाबी, लांबट, वाटोळी हीच पुष्कळ वृद्धांची गोळ्यांची ओळख असते. ती वाईट नव्हे. रंगरूपाची स्मृती नावाच्या स्मृतीपेक्षा बळकट असते. पण दुकानदाराने दुसऱ्या कारखान्याची तीच गोळी दिली, की रंग बदलतो आणि सगळी ओळख मोडते. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गोळीचा रंग किंवा आकार बदलल्यानंतर रुग्णांनी ती घेणे सोडून देण्याची शक्यता वाढते, आणि आकार बदलला तर अधिकच वाढते, असे त्यात दिसून आले. याच्या उलटही घडते. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या डॉक्टरांकडून घरात येते आणि दोन्ही गोळ्या श्रद्धेने घेतल्या जातात. पट्टीवर मोठ्या अक्षरांतील व्यापारी नावाखेरीज बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव असते. दोन पट्ट्यांवरील ते नाव ताडून पाहणे हे डोळस विद्यार्थ्याला सहज जमणारे काम आहे. नावे जुळली तर स्वतः काही बंद करू नये. दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जावे.

इतके ऐकल्यावर वाटेल, की वृद्ध माणसे औषधे घेण्यात फारच चुका करीत असतील. येथे एक गंमत आहे. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना, झाकण उघडल्याची वेळ टिपणारी यंत्रे बसविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सर्वांत कमी चुका वृद्धांनी केल्या होत्या! चुका अधिक केल्या त्या मध्यम वयाच्या, कामाच्या धबडग्यात बुडालेल्या माणसांनी. (आपल्या तीर्थरूपांना हा परिच्छेद अवश्य वाचून दाखवावा.) वृद्धांचे दिवस ठरावीक चाकोरीतून जातात, आणि गोळी त्या चाकोरीला एकदा जोडली गेली की ती सुटत नाही.

भविष्यात करावयाच्या कामाचे स्मरण दोन प्रकारचे असते. 'रात्री आठ वाजता गोळी' हे घड्याळावर अवलंबून असलेले स्मरण. 'दिवेलागणीनंतर देवापुढचा दिवा लावला की गोळी' हे घटनेवर अवलंबून असलेले. गाईल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९० नंतरच्या प्रयोगांतून दाखविले, की पहिल्या प्रकारात वृद्ध तरुणांच्या मागे पडतात, तर दुसऱ्या प्रकारात फरक अगदी थोडा किंवा काहीच नसतो. घड्याळ स्वतःहून आठवण देत नाही, त्याच्याकडे पाहण्याचे आधी आठवावे लागते; निरांजन मात्र हातातच असते. २००४ साली लिंडा लिउ आणि डेनिस पार्क यांनी वृद्धांना रक्तातील साखर ठरल्या वेळी मोजण्याचे काम दिले आणि काही जणांना आदल्या दिवशी काही मिनिटे, आपण ते कोठे बसून, काय करीत असताना करणार आहोत, याचे चित्र मनात रंगवावयास लावले. ज्यांनी ते चित्र रंगविले त्यांनी काम इतरांपेक्षा सुमारे दीडपट चोखपणे केले. थायरॉईडची गोळी अनशापोटी घ्यावयाची असते. ती चहाच्या डब्यात नव्हे, पण दात घासण्याच्या सामानाशेजारी ठेवली तर आठवण आपोआप होते.

मात्र चाकोरी मोडते त्या दिवशी सावध राहिले पाहिजे, आणि आपल्या घरांत असा दिवस म्हणजे उपासाचा. 'जेवणानंतर एक' असे चिठ्ठीत लिहिलेले असते. एकादशीला जेवणच नाही. मग गोळी घ्यावयाची की नाही? चिठ्ठी गप्प असते. मधुमेहावरील काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराईड, पोटात अन्न असो वा नसो, रक्तातील साखर खाली आणतात. उपाशी माणसाने ती घेतली तर घाम सुटतो, हात थरथरतात, बोलण्यात विसंगती येते. आणि शेवटचे लक्षण दिसले की घरचे म्हणतात, वय झाले आता! हे वय नव्हे, साखर उतरणे आहे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर ताबडतोब साखरपाणी द्यावयाचे आणि डॉक्टरांना कळवावयाचे. उपासाच्या दिवशी काय करावे, हा प्रश्न उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून उत्तर लिहून ठेवलेले बरे.

माहिती दवाखान्यातूनच येते असे नाही. आज ती भ्रमणध्वनीवर अहोरात्र येत असते, आणि तीत खऱ्याबरोबर खोटेही असते. लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिले, की एखादे विधान पुनःपुन्हा कानांवर आले की ते अधिकाधिक खरे वाटू लागते. ओळखीचे म्हणून खरे. २००५ साली इयन स्कर्निक आणि त्यांचे सहकारी यांनी याचा वृद्धांच्या बाबतीत विचार केला. आरोग्यविषयक विधाने दाखवून त्यांतील काही खोटी असल्याचे पुनःपुन्हा बजावले. तीन दिवसांनी वृद्धांना विधाने ओळखीची वाटली, पण 'हे खोटे' ही सूचना पुसली गेली होती, आणि अधिक वेळा बजावलेली खोटी विधाने त्यांनी अधिक प्रमाणात खरी मानली. पुढील काही प्रयोगांत हा उलटा परिणाम इतका ठळक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे; पण ओळख टिकते आणि सूचना आधी विरते, हा धागा पक्का आहे. 'कारल्याचा रस घेतला की मधुमेहाच्या गोळ्या बंद करता येतात, हे खोटे आहे हो आजोबा' असे दहादा सांगितले, तर आजोबांच्या मनात कारले आणि मधुमेह यांचे नाते तेवढे दृढ होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा खरे काय तेच सांगावे: गोळी रोजची आहे, आणि ती कमी-जास्त करण्याचा अधिकार डॉक्टरांचा. का, तेही सांगावे. संचित बुद्धी शाबूत असते. कारण पटले तर ती ते जवळ बाळगते.

येथपर्यंत जे सांगितले ते निरोगी वार्धक्याचे. स्मृतिभ्रंश हा निराळा विषय, तो रोग आहे. भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीवरील भारतीयांत त्याचे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. संख्या लहान नाही. तशीच तिची दुसरी बाजूही पाहावी. शंभरांतील ब्याण्णव-त्र्याण्णव वृद्धांना हा रोग नसतो, आणि म्हण मात्र शंभरांनाही लागू करण्यात येते. भाजीवाल्याचे नाव आठवले नाही, तर काळजीचे कारण नाही. तीस वर्षे ज्या देवळात रोज गेलो तेथून घरी येण्याची वाट आठवेना, पैशांचा नेहमीचा हिशेब जमेना, स्वभावच पालटला, तर डॉक्टरांकडे नेले पाहिजे, आणि वेळ न दवडता. कारण कित्येकदा असे विस्मरण ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने, थायरॉईडच्या विकाराने, औदासीन्याने किंवा झोपेच्या गोळीसारख्या एखाद्या औषधानेही होते, आणि उपचाराने सुधारते.

आपल्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्या लोकांना एका अभ्यासाविषयी विशेष कुतूहल वाटेल. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला; तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा रोग एकभाषिकांपेक्षा सरासरीने साडेचार वर्षे उशिरा प्रकट झाला होता, आणि मुळीच शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. इतर देशांतील सर्वच अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. तरी बाजारात कानडी, घरात मराठी आणि रेल्वेत हिंदी बोलणारी निरक्षर आजी दिवसभर डोक्याला जो व्यायाम देत असते, त्याची दखल शास्त्राने घ्यावी, ही गोष्ट मला मोठी समाधानाची वाटते.

आता यादीचे काम तेवढे राहिले. एक पांढरा जाड कागद घ्यावा आणि काळ्या शाईने, टपोऱ्या बाळबोध अक्षरांत लिहावे. निळी शाई टाळावी. डावीकडे औषधाचे नाव आणि त्याखाली ते कशासाठी, हे एका शब्दात: 'रक्तदाब', 'साखर'. पुढे तीन रकाने. त्यांना सकाळ, दुपार, रात्र अशी नावे न देता आजोबांच्या दिवसातील घटनांची नावे द्यावी: चहापूर्वी, जेवल्यावर, दिवा लावल्यावर. रकान्यात आकडा न घालता, जितक्या गोळ्या तितकी टिंबे काढावीत. अर्ध्या गोळीसाठी अर्धे वर्तुळ. खाली डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक, आणि यादी केव्हा केली ती तारीख. औषध बदलले की जुना कागद फाडून टाकावा, दोन कागद घरात राहू नयेत. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना हाच कागद बरोबर न्यावा व एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून घालावा. आणि पट्टीतील गोळ्या कापून देताना, ज्या टोकाला मुदत संपण्याची तारीख छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखून ठेवावे. कात्री नेहमी दुसऱ्या टोकाकडून चालवावी.